मागची सीट रिकामी आहे

प्रिय वैजनाथ,

आधी एवढं वाच आणि मग खाली बस: घरी सगळे बरे आहेत. तुझी आई बरी आहे, मी बरा आहे, कपिला व्याली, गोऱ्हा झाला, तोही बरा आहे. पोस्टाचं पाकीट पाहून तुझ्या छातीत धस्स झालं असेल, म्हणून हे अगोदर लिहिलं. आमच्या वेळी कागद यायचा तो वाईट बातमीचाच यायचा. तुझे आजोबा तर वाचून दाखवणाऱ्याच्या तोंडाकडेच बघत बसायचे. फोन असताना बाबा कागद काऊन लिहून राह्यले, असं तू सारिकाला विचारशील. त्याचं कारण असं की फोनवर मी गाडीचं नाव काढलं की तुझ्याकडची रेंज जाते. 'बाबा, आवाज येत नाही,' म्हणतोस आणि ठेवतोस. मला मात्र तुझा आवाज चांगला येत असतो. तेव्हा म्हटलं, लिहावं. चौथीनंतर एवढं लांब कधी लिहिलं नाही. बोटं दुखतात, म्हणून रोज जेवणानंतर थोडं थोडं लिहितो आहे. तू पण एका दमात वाचू नको.

तर गाडीचं. तुझी काळी मोटारसायकल मी दिवाळीनंतर गोठ्यातून बाहेर काढली. तू ताडपत्री टाकून सुतळीनं बांधली होतीस तशीच होती, फक्त वर कोंबड्या बसायला लागल्या होत्या आणि एक वायर उंदरानं खाल्ली होती. ती तू का बांधून ठेवलीस हे मला कोणी सांगायला नको. दीड वर्ष होत आलं. मार्गशीर्षात तू आईला मागे बसवून साखरखेर्ड्याला मामाकडे साखरपुड्याला निघालास आणि शाळेपाशी तो नवा ब्रेकर आला, ना पांढरा पट्टा ना पाटी. तुझी आई पडली, खुब्याचं हाड गेलं, आत रॉड टाकावा लागला. दवाखान्यात तिला उठवायला, बसवायला, वेणी घालून द्यायलासुद्धा तूच होतास. ती काठी धरून घरात चालायला लागली त्या दिवशी तू गाडी बांधलीस आणि पुण्याला नोकरीवर गेलास. पारावर कोणीतरी म्हणालं होतं, 'मायले पाडणारा डायवर चालला बे.' म्हणणारा चहा पिऊन विसरला. तू विसरला नाहीस. तेव्हापासून तुझा पाय घराला लागला नाही.

सारिका मला सांगते, तिच्यावर रागावू नको, मीच खोदून विचारतो. म्हणते, बाबा, हे खोलीपासून कंपनीच्या बसपर्यंत पायीच जातात, कोणी दोस्त मागे बस म्हटला तर चपलेचा अंगठा तुटला म्हणतात. दर वेळी कसा तुटेल चपलेचा अंगठा? रस्त्यात मागून मोटारसायकलचा हॉर्न वाजला की तू छकुलीचा हात एवढा दाबतोस की ती रडते. हे ऐकल्यापासून मला धड झोप नाही. पुण्याच्या रस्त्यावर पायी चालणं तरी कुठे सोपं आहे? कडेकडेनं चालत जा. कानात ते गाण्याचं घालू नको.

मी गाडी शिकलो, हे तुला कोणी सांगितलं नसेल. सांगितलं असेल तर हसण्यावारीच सांगितलं असेल. आपल्याकडे बाईमाणूस गाडी शिकली तर पेढे वाटतात. पुरुषाला मात्र कोणी शिकवत नाही, त्याला ती येतेच असं धरून चालतात. ज्याला येत नाही तो सांगत नाही. मी जन्मभर सांगितलं नाही. लग्नाला, मौतीला, तालुक्याला जायचं असलं की रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि कोणाची मागची सीट रिकामी आहे ते बघायचं. बसलं की आपले हात आपल्याच गुडघ्यावर ठेवायचे, पुढच्याला धरलं तर तो म्हणणार, 'काका, गुदगुल्या होतात.' उतरताना सायलेन्सरला पोटरी लागायची. माझ्या पायावर जे डाग आहेत ते शेतातले आहेत असं तुला लहानपणी वाटायचं. ते सायलेन्सरचे आहेत.

शिकवलं आपल्या माणिकरावच्या करिष्मानं. भावाची पोरगी म्हणून धीर केला, दुसऱ्या कोणाला विचारायची हिंमत नव्हती. ती चिखलीला कॉलेजात जाते, बापाची गाडी चालवते. सोयाबीन निघाल्यावर वावर मोकळं झालं होतं, तिथे सकाळी कोणी नसताना जायचो. पहिल्या दिवशी काय झालं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. गाडी सुरू झाली, क्लच सुटला, गाडी चालली, तिथपर्यंत ठीक होतं. समोर कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीचा ढीग आला. आता थांबवायची म्हणून मी काय केलं असेल? सारा जन्म बैलांमागे गेला. थांबवायचं म्हणजे कासरा मागे ओढायचा, हाताला तेवढंच ठाऊक. मी 'हो, हो' म्हणत हँडल जोरात आपल्याकडे ओढलं. उजव्या मुठीत रेस असते. जितकी मूठ ओढली तितकी गाडी पळाली आणि मी गाडीसकट पऱ्हाटीत. करिष्मा ओरडत धावत आली, 'मोठेबाबा, थो बैल नोहे! ओढू नका, सैल सोडा!' मी आत पडलेला, अंगभर काटक्या, आणि तरी मूठ ओढलेलीच होती. चाक हवेत फिरत होतं. तिनं चावी काढली तेव्हा शांत झालं. मग ती हसायला लागली, मलाही हसू आलं, आणि मग घरी कसं जावं याची चिंता लागली. तुझ्या आईनं पाठीतल्या काटक्या काढल्या आणि एवढंच विचारलं, 'सरपन आन्याले गेलते का?'

ही खोड काही केल्या जाईना. गडबड झाली की हात मागेच ओढायचा. बैलाला सैल सोडलं की तो चालतो, हिला सैल सोडलं की ही थांबते. या वयात हाताला उलटं शिकवायचं म्हणजे काय असतं ते तुला कळणार नाही. जेवताना, खाटेवर पडल्यापडल्या मी मूठ सैल सोडायचा सराव करायचो. तेव्हा एकदा मनात आलं, दर रविवारी फोनवर 'ये, ये, कधी येतो' म्हणून मी तुझाही कासराच ओढत होतो. आणि तू अजून लांब पळत होतास. त्यानंतर मी तुला 'ये' म्हणायचं सोडलं. तुला वाटलं असेल, बाबा रागावले. रागावलो नव्हतो रे.

पारावरच्या लोकांना कळायला वेळ लागला नाही. पुढे नंबरप्लेटवर लाल रंगात शिकाऊ लिहिलेलं, मागे पांढरे केस. 'भगवानराव, आता काय पोरी पाहाले चालले का?' 'अहो, बैल विकले वाटते, हेल्मेट बैलाचं का तुमचं?' एक जण तर रोज मी आलो की पोरांना म्हणायचा, 'सरका बे, दुकानात घुसन थो.' मी मान खाली घालून जायचो. मान खाली घातली की रस्ता दिसत नाही, हे करिष्मानं शिकवलं. बुलडाण्याला परीक्षेला गेलो तर आठच्या आकड्यात पाय टेकला, नापास. सगळी विशीतली पोरं, त्यांच्या रांगेत मी. परत आलो तेव्हा वाटलं, पुरे झालं. या वयात कशाला हे? गुडघे दुखतात, डोळ्याला उन्हाचा त्रास होतो, रात्री मनगट ठणकतं. पण पुन्हा गेलो. दुसऱ्या वेळी पाय टेकला नाही. साहेबानं विचारलं, 'काका, गाडी कशासाठी पाहिजे?' मी म्हटलं, 'बाजाराले.'

लायसन हातात आलं तशी तुझी आई म्हणाली, 'मले बाजाराले घेऊन चाला.' मी म्हटलं पेट्रोल कमी आहे, मग म्हटलं वारं फार आहे, मग म्हटलं मागच्या चाकात हवा नाही. ती काठी टेकत बाहेर आली आणि चाक दाबून पाहिलं. म्हणाली, 'तुमी चालवता का मी चालवू?' शेजारच्या उंद्रीच्या मिस्त्रीकडून मी आधीच मागे धरायला कडी आणि पाय ठेवायला मोठी पट्टी बसवून घेतली होती. तिनं पदर कमरेला खोचून घेतला, साडीची निरी वर घेतली, चाकात काही जात नाही ना ते मी तीन वेळा पाहिलं. ओट्यावरून बसली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत तिनं माझ्या अंगाला हात लावला नव्हता. त्या दिवशी दोन्ही हात माझ्या खांद्यावर. नखं सदऱ्यातून आत गेली. पारावरून कोणीतरी शिट्टी मारली. मी पाहिलं नाही, पाहण्याची सोयच नव्हती, समोर शाळा आली होती. ब्रेकरला आता पांढरे पट्टे मारले आहेत. मी दोन्ही पाय खाली सोडले आणि बदकासारखा चालत चालत गाडी वरून नेली. मधोमध तुझी आई म्हणाली, 'थांबा.' थांबलो. मूठ सैल सोडली, ओढली नाही. ती म्हणाली, 'इथंच वैजनाथ म्हनला होता, आई, मले धर. माह्या हातात करंज्यांचा डबा होता. म्या डबा धरला.' मागून खांदा दाबल्यासारखा झाला. मग म्हणाली, 'चाला, भाजी सुकन.'

आता खरं कारण लिहितो, मग हात थांबवतो. गावाला, साहेबाला, तुझ्या आईला, सगळ्यांना मी सांगितलं की बाजाराला जायला गाडी शिकलो. ते खरं नाही. दिवाळीला तुझा फोन आला की सुट्टी मिळाली नाही. मी घरात तेच सांगितलं. पण उंद्रीच्या स्टँडवरच्या पुंजाजीनं तुला पाहिलं होतं. त्याच्याकडे चहा घेतलास तेव्हा त्यानं तुला ओळखलं. तू एकटाच येतो आहेस हे तू फक्त माणिकरावला कळवलं होतंस, त्यानं पोराला गाडी देऊन तुला घ्यायला पाठवलं होतं, आणि तू त्या गाडीजवळ पिशवी घेऊन उभा होतास, बराच वेळ. मग त्याला म्हणालास, तू हो पुढे, मी येतो पायी. आणि थोडं चाललास, परत आलास, आणि परतीच्या चिखलीच्या एसटीत बसलास. पुंजाजी म्हणाला, 'भगवानराव, पोरगा लई घामेजला होता.' तुझ्या आईला हे माहीत नाही, मी सांगणारही नाही, माणिकरावलाही सांगू नको म्हटलं आहे. मी त्या रात्री ठरवलं, पुढच्या वेळी स्टँडवर दुसरा कोणी उभा नसेल. मी 'ये' म्हणत नाही. उन्हाळ्यात छकुलीची शाळा सुटली आणि तुला वाटलं, तर कळव, मी गाडी घेऊन येतो. छकुली आणि सारिका ऑटोनं येतील, त्यांना मी माझ्या मागे बसवणार नाही, तेवढा भरवसा अजून नाही. तू बस. मी फार हळू चालवतो, सायकलवाले पुढे जातात, पारावरचे हसतील तर हसू दे. शाळेपाशी मी पाय खाली सोडून चालत नेतो, तू पण सोड. हातात पिशवी घेऊ नको, पिशवी पुढे अडकवायला मी हूक लावून घेतलं आहे. दोन्ही हातांनी मला धर, घट्ट धर. मीही भितो, अजून रोज भितो. दोघं मिळून भिऊ आणि घरी येऊ.

तुझाच,
बाबा