साडूभाऊंची बकेट

५ जानेवारी
आला! बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू, आजपासून आमच्याच साइटवर वेल्डर. इमारतींच्या पायासाठी जमिनीत खोल भोकं पाडणाऱ्या साइटी जगात काय कमी आहेत? यांना नेमकी हीच सापडली! भोकातली माती खणून वर आणणाऱ्या इथल्या बकेटा मी सांभाळतो. दात बदलायचे, तळाचं झाकण, बिजागरी, खटका – सगळं माझं. पुढच्या महिन्यात हेड फिटरची जागा भरणार आहे. ती माझीच. निदान कालपर्यंत होती.

८ जानेवारी
साहेब त्यांच्या वेल्डिंगकडे बघून म्हणाले, "याला म्हणतात काम!" मग इतकी वर्षं माझ्या बकेटा काय हवेत भोकं पाडत होत्या? वर निम्म्या बकेटांची देखभालही त्यांच्याकडे दिली. असो. नव्याचे नऊ दिवस.

९ जानेवारी
घरी बायकोचंही तेच. "भाऊजींचा हात म्हणजे हात आहे बाई!" जेवण गेलं नाही.

१३ जानेवारी
मोठी बकेट दोनदा रिकामीच वर आली. ऑपरेटर केबिनमधून ओरडला, "हिचं पोटच भरत नाहीये!" वाकून पाहिलं. खटका झिजून गुळगुळीत झालेला, त्यामुळे झाकण खालीच उघडायचं आणि माती परत भोकात. साडूंनी कालच तपासून सोडलेली बकेट ही! इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली. थोडीशी.

साहेबांना सांगायला निघालो, तर साडूच समोर. "साडूभाऊ, तेवढा खटका तुम्ही बघता का?" झालं, स्वतः मोकळे! झिजलेला भाग मीच भरून, घासून बसवला. संध्याकाळी साहेब मलाच विचारतात, "काय, साडूंनी चालू केली वाटतं बकेट?" आयत्या पिठावर रेघोट्या – दुसरं काय!

१९ जानेवारी
आज हद्द झाली. झाकणाच्या बिजागरीला त्यांनी नवी पिन घातली, पण ती अडवणाऱ्या तारेचे पाय वाकवलेच नाहीत. पिन सरकली की झाकण खाली. मी पाहिलं आणि गप्प बसलो. पडू दे, म्हटलं, एकदा सगळ्यांच्या देखत पडू दे!

बकेट वर आली. माती चिकट, सुटेना. पाणी मारणारा पोऱ्या पाइप घेऊन थेट तिच्याखाली जाऊन उभा राहिला. मी धावलोच. "बाजूला हो! अरे, बाजूला हो!" बकेट उतरवून घेतली, तारेचे पाय वाकवले. ऑपरेटर हसून म्हणतो, "साडूंचंही काम तपासता? पोटात दुखतंय का?"

दुखतंय!

२ फेब्रुवारी
हेड फिटर – साडू. पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं. बायकोने लगेच त्यांना फोन लावून माझ्या हातात दिला. "अभिनंदन" म्हणालो. त्यापेक्षा कडू कोयनेल प्यायलो असतो.

३ फेब्रुवारी
साडू जागा नाकारून आले! मला बाजूला घेऊन म्हणाले, "जवळचं दिसत नाही हो मला. चष्म्यानेही भागत नाही. घरी कुणाला ठाऊक नाही. वेल्डिंगची मोठी शिवण सवयीने मारतो, पण पिन, खटका, बारीक तडा – काही दिसत नाही. हेड झालो तर माझ्यामागून कोण तपासणार? म्हणून तर तुमची साइट धरली. तुम्ही माझ्यावर जळता, लग्नापासून माहीत आहे मला. म्हटलं, हा माणूस माझी एकही चूक सुटू देणार नाही."