स्वयंपाकघरातला किनारा

प्रिय धाकट्या,

परवा सुखरूप पोचले. तिकडे असताना तू कामावर गेलास की मी जवळजवळ दिवसभर स्वयंपाकघरात ओणवी असायचे, पडदे ओढून, टॉर्च जमिनीला टेकवून. कारण उजेड आडवा पडला तरच फरशीवरच्या सुरकुत्या उठून दिसतात. आई दारात खुर्ची टाकून बघत होती. लहानपणी एकदा तरी एवढी वाकून फरशी पुसली असतीस, म्हणाली.

त्या सुरकुत्या कसल्या, हे तुम्ही दोघांनीही विचारलंत. जमिनीवर झाड नव्हतं, प्राणी नव्हता, तेव्हा ओल्या वाळूवर सूक्ष्मजीवांची बुळबुळीत साय धरायची. पाण्यानं ती ओढली की चुण्या पडायच्या. वर वाळू बसली, सगळ्याचा दगड झाला. पण माझी शंकेखोर खोड तुला ठाऊक आहे. चुण्या खोल पाण्यातही पडू शकतात. ओट्यापुढच्या फरशीत मात्र ती साय तडकून कडांना वळलेली सापडली, आणि उन्हात वाळल्याशिवाय ती अशी वळत नाही. म्हणजे इथून पाणी मागे हटत होतं. आपण जेवायला बसायचो तो किनारा होता.

ही फरशी ज्या खाणीतली, ती केव्हाच बुजवली, त्यामुळे हा थर आता फक्त आपल्या घरात उरलाय. म्हणून तू टाइल्स आणूनही काम थांबवलंस. मिस्त्री म्हणतात, फरशी घासून सपाट केल्याशिवाय टाइल बसणार नाही. आणि फरशी अख्खी उचकटायला गेलं तर वरचा पापुद्राच आधी सुटतो. इकडे आईच्या वॉकरची चाकं त्याच चुण्यांत अडतात. तिनं स्वयंपाकघरात जाणंच सोडलंय आणि वर म्हणते, पोरीचं काम होऊ दे, मला चहा खोलीत चालतो. तर आता काम झालंय. मी रबराचे साचे घेतले, फोटो काढले. मला तेवढं पुरेसं आहे.

इथपर्यंत आईला वाचून दाखव. फोनवर सांगितलं असतं तर तिनं आवाजावरून ओळखलं असतं, म्हणून हे पत्र. साचे पुरेसे नाहीत. मूळ दगडच नसेल तर माझं म्हणणं दुसऱ्या कुणाला तपासता येणार नाही, आणि तपासता न येणारं मी इतरांचंही मान्य करत नाही. तेव्हा यावरचा शोधनिबंध मी छापायला देणार नाही. हे तिला कधीच कळायला नको. मिस्त्रींना या आठवड्यातच बोलाव. ओट्यापासून सुरुवात करू देत. आई आधी तिथंच जाईल.

तुझीच,
ताई