सायकलवाटेवरचे एकशे छप्पन्न

शनिवार, ४ मे
आज किलब्रॅकन ते ड्रमीन सायकलवाटेचं उद्घाटन झालं. घडलं ते असं:
१. वेळ १०.०० ची. सुरुवात १०.४० ला.
२. मंत्री आले नाहीत. कौन्सिलचे सदस्य मॅटी कॉनबॉय आले, थेट गुरांच्या बाजारातून. बुटांवरून कळत होतं.
३. कात्री कोणीच आणली नव्हती. कॉनबॉयनी खिशातल्या चाकूने फीत कापली.
४. १०.५२ : पहिली सायकल. माझी.
५. ११.०० : दुसरी सायकल. आली नाही.
६. ११.०५ : पाऊस. सगळे हॅम सँडविच घेऊन मंडपात.

साडेनऊ किलोमीटर, जुन्या रेल्वेच्या मार्गावर. एकही मोटार नाही, ट्रॅक्टर नाही. आराखडा माझा. ३१ ऑक्टोबरपर्यंत रोजची सरासरी १५० फेऱ्या निघाली, तर तलावापर्यंतचा दुसरा टप्पा मंजूर. माझं कंत्राट ३१ डिसेंबरला संपतं. दुसरा टप्पा झाला तर आणखी तीन वर्षं. नाही झाला तर आईच्या घरी परत. त्याचा विचार करायची गरज नाही.

सोमवार, ६ मे
काउंटर बसवला. इन्फ्रारेड. ४.२ व्या किलोमीटरला, श्रीमती टायमन यांच्या शेताजवळ. तिथे जमीन काँक्रीटची आहे आणि मी दोन खांबांमध्ये मुद्दाम चिंचोळी फट ठेवली आहे. एका वेळी एकच सायकल जाते, दोन एकदम मोजल्या जात नाहीत. हे कुणाला सुचलं नसतं.

कुरणाच्या फाटकापासून गोठ्यापर्यंत, या फटीतून, वाटेवरून ऐंशी मीटर गुरं न्यायचा टायमन कुटुंबाला रेल्वेच्या काळापासून हक्क आहे. नकाशावर मी त्यापुढे 'क्वचित वापर' असं लिहिलं आहे.

श्रीमती टायमन (सगळा गाव तिला ब्रीज म्हणतो, मी म्हणणार नाही) भिंतीला टेकून बघत होती. म्हणाली, इथे बसवतेयस होय गं पोरी? इथेच? बसव बाई, बसव. या फटीत गर्दी भरपूर असते.
स्थानिक माणसाच्या तोंडून ऐकलेलं पहिलं शहाणपणाचं वाक्य.

सोमवार, १३ मे
पहिल्या आठवड्याचे आकडे. रोज १५६. एकदा १५८, एकदा १६०. फिंटन गॅफनीला दाखवले. तो ऑफिसातला तंत्रज्ञ, सव्वीस वर्षं नोकरी, पदवी नाही. त्याने कागद बघितला, मग खिडकीतून बाहेर बघितलं. म्हणाला, सकाळी सातला कधी गेली आहेस तिथे?
मी नऊला कामावर येते. शिवाय निरीक्षक मध्ये उभा राहिला की आकडे बिघडतात. हे त्याला समजावलं. तो म्हणाला, बरोबर आहे, तू मध्ये उभी राहिलीस तर बिघडतीलच.

बुधवार, २२ मे
तासांप्रमाणे आलेख काढला. चार उंचवटे: ७.००, ८.३०, ४.३०, ६.००. अर्थ स्पष्ट आहे. लोक कामाआधी बरोबर दीड तास व्यायाम करतात, संध्याकाळी पुन्हा दीड तास. या जिल्ह्यात एवढी शिस्त असेल असं वाटलं नव्हतं.
रविवारीही १५६. म्हणजे पर्यटक नव्हेत. सवयीचे लोक.

गुरुवार, ३० मे
स्वतः ११ ते १ फटीपाशी उभी राहिले. कोणी आलं नाही. आकड्यांशी तंतोतंत जुळतं.

शुक्रवार, ७ जून
वाटेवर शेण. ऐंशी मीटरभर. ओली नक्षी. काल एक जर्मन जोडपं तिथून परत फिरलं. दोन चांगले वापरकर्ते गेले.
श्रीमती टायमन यांना लॅमिनेट केलेली नोटीस दिली: शेण एका तासात उचलावं, लेखी उत्तर १४ जूनपर्यंत द्यावं.

सोमवार, १७ जून
उत्तर नाही. फिंटनच्या हाती निरोप आला: कागद छान जाड आहे, पाणी आत येत नाही. कोंबड्यांच्या खुराड्याच्या खिडकीला बरोबर बसला. त्याच मापाचे आणखी दोन मिळतील का, असं विचारलंय.
या लोकांसाठी आपण सायकलवाटा बांधतो.

शनिवार, २९ जून
संकल्प: आठवड्यातून तीनदा स्वतः सायकलने पूर्ण वाट करायची, जाऊन येऊन. उदाहरण घालून दिलं पाहिजे. मे महिन्यापासून करतेच आहे, आता लिहून ठेवलं. मला कोणी भेटत नाही. मी दुपारी जाते, ते सकाळ-संध्याकाळ जातात. वेगवेगळे गट.

सोमवार, १५ जुलै
आज १७६! एका दिवसात १२.८ टक्के वाढ. मागच्या आठवड्यात मी किलब्रॅकनच्या चर्चबाहेर नवा फलक लावला होता. फलकाचा परिणाम.
फिंटनला सांगितलं. तो म्हणाला, हो का? शनिवारीच ब्रीजचा चुलतभाऊ पॅकी म्हातारपणाला कंटाळला आणि पाच गायी तिला देऊन मोकळा झाला. मी म्हटलं, मला गावगप्पांत रस नाही. तो म्हणाला, ते दिसतंच आहे.

मंगळवार, २३ जुलै
पुन्हा १७६. काल १७८. वाढ टिकली. चर्चच्या फलकाचं छायाचित्र अहवालात घातलं.

बुधवार, २१ ऑगस्ट
वादळ. शाळा बंद, रस्ते बंद, दोन झाडं पडली. काउंटर: १७६. परिच्छेद जोडला: 'हवामानाचा वापरावर शून्य परिणाम.' असे सायकलस्वार हॉलंडमध्येही नसतील.

शुक्रवार, ६ सप्टेंबर
श्रीमती टायमन वाटेवर भेटली. हातात काठी, गुडघ्याला पट्टा. म्हणाली, तुझ्या त्या फटीत माझ्या जाड्या गायींची ढुंगणं अडकतात गं. जरा रुंद कर की. मी म्हटलं, फट सायकलींसाठी आहे, रुंदी शास्त्रीय आहे. ती म्हणाली, शास्त्र कुणाच्या ढुंगणाचं मोजून केलंस?
अशा पातळीवर मी उतरत नाही.

सोमवार, ७ ऑक्टोबर
८८.
काउंटर तपासला. ठीक आहे. बॅटरी ठीक.

मंगळवार, ८ ऑक्टोबर
८८. संध्याकाळचे दोन्ही उंचवटे गायब. कारण सापडलं: दिवस लहान झाला, दिवे नाहीत. दुसऱ्या टप्प्यात दिवे घालायचे. त्यांचा खर्च अहवालात जोडला. संकटातून संधी.
फिंटन म्हणाला, ब्रीजचा गुडघा फारच दुखतोय म्हणे, कालपासून दिवसातून एकदाच, सकाळी, धारा काढते. मी विचारलं, याचा इथे काय संबंध? तो खोकायला बाहेर गेला. बराच वेळ खोकत होता.

शुक्रवार, १ नोव्हेंबर
१८१ दिवस पूर्ण झाले. ४ आणि ५ मेचे आकडे उद्घाटनाच्या नोंदवहीतून आणि अंदाजाने. सरासरी १५७.३. हवी होती १५०.
ऑफिसात केक नेला. सगळ्यांनी एकमेकांकडे बघत खाल्ला. मत्सर.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
कालपासून काउंटर शून्य. गायी हिवाळ्यासाठी गोठ्यात बंद केल्या आहेत, त्यामुळे वाट अगदी स्वच्छ आहे. तरी शून्य. काउंटर बिघडला असावा. मुदतीनंतर बिघडला, हे नशीब.

सोमवार, १८ नोव्हेंबर
कौन्सिलची बैठक. मी सूट घातला होता. चौदा स्लाइड्स. पाचवी स्लाइड: तासांचा आलेख.

मॅटी कॉनबॉय चष्मा वर करून पुढे वाकले. विचारलं, सात वाजता? आणि साडेचार? मी म्हटलं, हो, शिस्तबद्ध वापरकर्ते. ते म्हणाले, आणि सात ऑक्टोबरला निम्मे? मी म्हटलं, दिव्यांअभावी. ते म्हणाले, आणि पंधरा जुलैला वीस वाढले? मी म्हटलं, फलकामुळे.
ते मागे वळून प्रेक्षकांच्या बाकांकडे बघून ओरडले, अगं ब्रीज, किती आहेत गं तुझ्या दुधावर?
ती तिथेच होती. टोपी घालून. म्हणाली, एकोणचाळीस होत्या मॅटी, पॅकीच्या धरून चव्वेचाळीस.

सभागृहात सव्वीस सदस्य. त्यांतले एकोणीस गुरं पाळतात. मला नंतर कळलं, त्यांना तो आलेख पहिल्या सेकंदाला वाचता आला होता. सकाळ-संध्याकाळ धारेला जाऊन येऊन, दिवसाला चार वेळा चव्वेचाळीस म्हणजे १७६, हे मी अभियंता असून सहा महिन्यांत केलं नव्हतं. एका बाईंनी हसता हसता पाण्याचा पेला सांडला.

ब्रीज उभी राहिली. वाटलं, आता टोमणा मारणार. म्हणाली, पोरीला हसू नका. काँक्रीट चांगलं आहे तिचं. एकाही गायीचा पाय घसरला नाही.
हे हसण्यापेक्षा वाईट होतं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर
फिंटनने न विचारता गणित करून दिलं. गायी वजा करून १.४ फेऱ्या रोज. माझ्या आठवड्याला सहा, म्हणजे ०.९. उरले ०.५. जर्मन जोडपं आणि इतर.
मी त्याला विचारलं, मे महिन्यात सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, सांगितलं की. अकरा वेळा.
मोजलं. रोजनिशीत तीन वेळाच आहे. बाकीचं मी लिहून ठेवायच्या लायकीचं समजलं नव्हतं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर
ठराव आला. दुसरा टप्पा स्थगित. माझं कंत्राट फेब्रुवारीअखेरपर्यंत वाढवलं, एका कामासाठी: ४.२ व्या किलोमीटरची फट रुंद करणे. मुख्य वापरकर्त्याची लेखी संमती आवश्यक.
आईला फोन केला. माझी खोली तिने आधीच आवरून ठेवली आहे.

पत्राची प्रत, जपून ठेवण्यासाठी:

प्रिय ब्रीज,
फट किती रुंद हवी ते सेंटीमीटरमध्ये कळवावं. सर्वांत जाड गायीचं माप घ्यावं. मी येऊन घेतलं तरी चालेल, सकाळी सातला.
तसंच सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळात सायकलस्वारांना वाटेवरून जाऊ द्यायला तुमची हरकत आहे का, तेही लिहावं. रोज सरासरी दीड फेरी असेल.
उत्तर शुक्रवार, २९ नोव्हेंबरपर्यंत मिळावं, ही विनंती.
ईमर