जेटमागची तीन मिनिटं

३ मार्च, सोमवार
विमानांच्या मेळाव्याचं बोलावणं! रविवारी मोठ्या विमानतळावर म्हातारी उतरणार. म्हातारी म्हणजे माझं कापडी पंखांचं जुनं विमान, बायको नव्हे. लिहून ठेवलेलं बरं.
हिने कबूल केलंय: लोकांसमोर नीट उतरवून दाखवलंत, तर एकदा बसेन. लग्नापासून याच दिवसाची वाट पाहतोय.
निश्चय: रोज व्यायाम. चिडचिड बंद.

४ मार्च
व्यायाम उद्यापासून.
मास्तरांचा फोन. उडायला यांनीच शिकवलं, म्हणून ऐकून घेतो. म्हणे, मोठं जेट उतरलं की पंखांमागे हवेचे भोवरे राहतात. दिसत नाहीत. त्यात सापडलास तर पालथा होशील. तीन मिनिटं थांब, त्याच्या वाटेच्या वरून ये, त्याची चाकं जिथे टेकली त्याच्या पुढे टेकव. अजून बरंच बोलले. ते बोलत असतानाच फोन टेबलावर ठेवून बूट पुसून घेतले.

६ मार्च
चैन नाही. इंजिन दोनदा पुसलं. मेव्हणा (माझा मेकॅनिक) म्हणतो, दाजी, रंग जाईल.
विचारांती: भोवरे वाऱ्यामुळेच होणार. वारा नसला की प्रश्न मिटला. मास्तरांना एवढं सुचू नये?

९ मार्च, रविवार. सकाळ
वारा साफ पडलेला! धावपट्टीवरची वाऱ्याची पिशवी मोज्यासारखी लोंबतेय. पिवळी छत्री घेऊन ही अगदी पुढे उभी.

संध्याकाळ
पुढे जेट उतरलं. टॉवरवाला म्हणाला, एक चक्कर मारून या. मारली. लहान मारली. हात शिवशिवत होते. हिला जवळून दिसावं म्हणून पट्टीच्या सुरुवातीलाच टेकवायला गेलो.
एक पंख एकदम खाली गेला. जमीन डोक्याच्या बाजूला आली. भ्यालो. खूप भ्यालो. आईला हाक मारली. रेडिओचं बटण दाबलेलं होतं, त्यामुळे ती मैदानभर स्पीकरवर ऐकू गेली. म्हातारी गवतात आपटली. चाक मोडलं, पंख फाटला, मी शाबूत.
मास्तर गर्दीतून धावत आले. म्हणाले, वारा पडला की भोवरे पट्टीवरच रेंगाळतात. हे आधी सांगायचं! तर म्हणे, फोनवर सांगितलं होतं.


११ मार्च
तांत्रिकदृष्ट्या उतरलोच. हिला तसं समजावलं. हिने कपबशा जरा जोरात ठेवल्या.

२० एप्रिल, रविवार
म्हातारी विमानतळावरच्याच शेडमध्ये दुरुस्त झाली. आणि आज ही बसली! पुढच्या सीटवर. मागे, चालवणाऱ्याच्या सीटवर, मास्तर.
मी खाली. परत येताना त्यांच्यापुढे एक जेट उतरलं. मास्तर वर निवांत घिरट्या घालत राहिले. मला खाली उभं राहवेना. मेव्हण्याने दंड धरून ठेवला.
उतरले. धक्कासुद्धा नाही. ही केस विस्कटलेली, हसत हसत खाली आली. इतकी हसलेली कधी पाहिली नव्हती.
विचारलं, भीती नाही वाटली?
म्हणाली, एकदाच वाटली. मागे तुम्ही बसलात असा भास झाला तेव्हा.