दालनातले अकरा जोड हात

मी, मलाकी टायर्नन, वय वर्षे एक्क्याऐंशी, अविवाहित, राहणार मिल रस्ता, बॅलिनारा, येथील विद्यापीठाच्या मुख्य दालनाचा निवृत्त दरवान, शिक्षण इयत्ता चौथी, हे मृत्युपत्र स्वहस्ते व राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो दुपारच्या जेवणापूर्वी घेतला, कारण जेवणानंतरच्या त्यांच्या सहीवर माझा भरवसा नाही. माझे दुसरे मृत्युपत्र म्हणून कोणी काही पुढे केल्यास, ते कोणी केले हे प्रथम पाहावे.

कलम पहिले. राहते घर भाची नोरीन हिला द्यावे. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही तिनेच करावे. तिचा भाऊ फर्गस यास भिंतीवरचे घड्याळ द्यावे. त्याने दुरुस्त केल्यापासून ते बंद आहे. गेल्या ईस्टरला तो छापील कागद घेऊन आला होता. “मामा, खाली सही तेवढी करा. वाचून डोळे कशाला शिणवता?” कागद मी दोनदा वाचला. घराची किल्ली तेव्हापासून माझ्या गळ्यात आहे.

कलम दुसरे. पतपेढीतील शिल्लक विद्यापीठास द्यावी, परंतु पुढील अटीवर.

मुख्य दालनात नामवंतांची अकरा तैलचित्रे आहेत: सात प्राध्यापक व चार माजी विद्यार्थी. चेहरे ज्याचे त्याचे आहेत. हात अकराही चित्रांत माझे आहेत. चेहऱ्यापुरते बसल्यावर या मंडळींना वेळ उरत नसे. मग चित्रकार हॅकेट मला बोलावीत. “टायर्नन, झगा चढवा आणि बसा. ग्रीक येत नसलं तरी चालेल, हलू नका म्हणजे झालं.” माझ्या डाव्या हाताची करंगळी एकोणिसाव्या वर्षी हर्लिंगच्या सामन्यात मोडली आणि वाकडीच जुळली. हॅकेट प्रामाणिक होते; दिसले ते त्यांनी रंगवले. शल्यविशारद डॉ. युना कॉस्टिगन यांना हे ठाऊक होते. स्वतःच्या चित्रापुढे उभ्या राहून त्या म्हणाल्या, “टायर्नन, या हातांनी मी कुणाचं पोट शिवलं असतं तर आज तुरुंगात असते.” मी म्हणालो, “बाई, परीक्षेला उशिरा आलात तेव्हा याच हातांनी दार उघडलं होतं.” त्यावर त्यांनी विषय बदलला.

यंदा मे महिन्यात कुलसचिव कार्यालयातील श्री. प्रेंडरगास्ट एका कारागिरास घेऊन दालनात आले. मी बाकावर होतो. निवृत्त दरवान कोणास दिसत नाही.

“अकराही जणांची करंगळी वाकडी?” कारागीर म्हणाला.

“चित्रकाराला हात जमत नव्हते, दुसरं काय. चित्रं साफ करायला घ्याल तेव्हा सरळ करून टाका. नामवंतांचं पुस्तक छापायचंय.”

सबब, एकाही चित्रातील करंगळी सरळ केल्यास विद्यापीठास काही देऊ नये, सर्व रक्कम हर्लिंग मंडळास द्यावी. ‘नाही केली’ या शब्दावर विसंबू नये. नोरीनने जाऊन अकराही करंगळ्या मोजाव्यात.

कलम तिसरे. मी तेथेच का बोललो नाही, असे नोरीन विचारील. कारण श्रीमती ओनर डेव्हरू. त्यांचे पती, भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, सव्वीस वर्षांपूर्वी समुद्रात बुडाले. देह मिळाला नाही. दर नोव्हेंबरात बाई दालनात येतात, पतीच्या चित्रापुढचा दोर ओलांडतात व चित्रातल्या डाव्या हातावर बोटे ठेवतात. दोर ओलांडण्यास सक्त मनाई आहे. मी दर वेळी पाठ फिरवली. सोळा वर्षांपूर्वी त्या मला म्हणाल्या, “चेहरा नाही हो साधला त्यांना. हात मात्र तेच.” मी म्हणालो, “होय, बाईसाहेब.” नोकरीत मी बोललेले खोटे एवढेच.

त्या वर्षापासून दर नाताळात त्या मला स्वतः विणलेले लोकरी हातमोजे पाठवतात. ते मी कधी घातले नाहीत. देणाऱ्याचा हेतू कळेपर्यंत वस्तू पेटीत ठेवावी, हा माझा नियम आहे. गेल्या सोमवारी थंडी असह्य झाली म्हणून एक जोड काढला. डाव्या मोज्याची करंगळी वाकडी विणलेली होती. विणीतील चूक समजून दुसरा जोड उघडला, मग सगळेच उघडले. सोळाही तसेच आहेत, आणि मला बरोबर बसतात.

म्हणजे त्यांना सोळा वर्षे ठाऊक आहे. मग दर नोव्हेंबरात त्या कोणाच्या हातावर बोटे ठेवीत होत्या, याचा निकाल मला लावता आलेला नाही. विचारण्याचे धैर्यही नाही.

कलम चौथे. बैठकीच्या खोलीत मला अंत्यदर्शनासाठी ठेवाल तेव्हा जपमाळ उजव्या हातात द्यावी आणि डावा हात वर, उघडा ठेवावा. श्री. प्रेंडरगास्ट यांस जवळची खुर्ची द्यावी. फर्गसला शवपेटीपाशी एकटे सोडू नये.

श्रीमती डेव्हरू आल्यास मात्र सर्वांना चहासाठी स्वयंपाकघरात न्यावे व दार ओढून घ्यावे. कोणी डोकावू नये. त्या गेल्यावर, सोळापैकी एक जोड माझ्या हातांत घालून मग शवपेटी बंद करावी. खोलीत दोर लावू नये.

सही: मलाकी टायर्नन
साक्षीदार: मायलो ब्रॉफी, पाववाले, सिसिली लनिगन, निवृत्त पोस्टमास्तर. दोघांचे आपसात बोलणे नाही, म्हणून यांस निवडले.
ठिकाण: बॅलिनारा. गुरुवार, ता. ९ नोव्हेंबर १९७८.