गाडी थंडच ठेवली आहे

कनोरा, सस्कॅचेवान
१२ डिसेंबर

नेस्तोर भाऊजी,

वासिलने एक प्रश्न विचारला आहे. त्याचं उत्तर मला देता येत नाही, तुम्हालाच देता येईल, म्हणून हे पत्र. नाहीतर इतक्या वर्षांनी तुमचा पत्ता शोधत बसले नसते.

तुमची तब्येत ठीक असावी. तुमच्या व्हिक्टोरियात म्हणे डिसेंबरात गुलाब फुलतात. फुलू देत. इकडे उणे तीस आहे. मी बरी आहे. जमीन खंडाने दिली, कोंबड्या विकल्या. वासिल वसंतापासून गावातल्या वृद्धाश्रमात आहे. त्याची आठवण गेली. मला तो ‘बाई’ म्हणतो आणि फार अदबीनं वागतो. उभ्या संसारात इतका अदबीनं कधी वागला नव्हता.

प्रश्नाकडे येते. आधी गाडीचं सांगावं लागेल.

तुम्हा दोघा भावांची निळी हाफ-टन पिकअप अजून चालते. माझी लहान गाडी नोव्हेंबरात बंद पडली, तेव्हा ती बाहेर काढली. हीटर लावला की पायांवर तळघरातला वारा. तापमानाचा काटा तळाशी झोपलेला. शेजारचा ओलेक्सा आला, बॉनेट उघडून म्हणाला, “स्लाव्का काकू, रेडिएटरपुढे पुठ्ठा लावा, झालं.”

“लावलाय.”

“मग अजून एक लावा.”

“तोही लावलाय.”

“मग गोधडी घ्या, गाडीला एक, तुम्हाला एक.”

त्याला घरी पाठवलं आणि स्वतः बघायला घेतलं. जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलं ते कशासाठी? पाणी पुरेसं होतं. हीटरच्या दोन्ही नळ्या सारख्याच कोमट, म्हणजे पाणी फिरत होतं, कुठे तुंबलेलं नव्हतं. मग सकाळी गार इंजिन सुरू केलं आणि रेडिएटरच्या वरच्या नळीवर हात ठेवला. इंजिन तापेपर्यंत ती नळी गार राहायला हवी. ती पहिल्यापासूनच इंजिनाबरोबर कोमट होऊ लागली. याचा अर्थ, पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला. दोन बोल्ट काढून झाकण उचललं. आत थर्मोस्टॅट नव्हताच.

तेव्हा तुमचं भांडण आठवलं. जमिनीचं नव्हे, त्याच्या कितीतरी आधीचं. गव्हाने भरलेली गाडी ऐन सुगीत उकळली, आणि वासिलने थर्मोस्टॅट उपटून शेतात भिरकावला. तुम्ही ओरडलात, “दादा, हिवाळ्यात गोठून मरू!” तो म्हणाला, “हिवाळ्यात पुठ्ठा लावू. पुठ्ठा फुकट असतो.”

मग सगळे हिवाळे तसेच गेले. तुमची नजर चांगली, म्हणून गाडी तुम्ही चालवायची. आपल्याच श्वासाने काच आतून गोठायची, ती वासिलने कॅसेटच्या झाकणाने खरवडायची. गाडीत हातमोज्यांची एकच जोडी. उजवा तुम्हाला, गिअरसाठी, डावा त्याला. कोणाच्या लग्नाहून परतताना मी मध्ये, मांडीवर उरलेल्या होलुब्त्सींचं, कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या भाताचं, गरम भांडं. त्या भांड्यावर तुम्ही दोघं आळीपाळीनं हात शेकायचात. घरी पोचेपर्यंत कोबीची पानं कडक व्हायची आणि सासूबाई मला बोलायच्या. गाडी गार आहे हे त्यांना कोणी सांगायचं नाही. आता वाटतं, इतकं हसू मला त्या गाडीबाहेर कधी आलं नाही.

असो. नवा थर्मोस्टॅट आणला, स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला करून बसवला. काटा उठून मधोमध आला. हीटर खरोखर गरम वारा फेकू लागला. मी एकटीच मोठ्यानं म्हणाले, “नेस्तोर भाऊजी, जिंकलात.”

त्या रविवारी वासिलला फिरायला नेलं. तो गुडघ्यांवर हात ठेवून पाहुण्यासारखा बसला. काच लख्ख. थोड्या वेळाने म्हणाला, “बाई, तुमची गाडी छान गरम आहे हो. मला कुठे नेताय?” मी म्हटलं, “जरा फिरून येऊ.” तो म्हणाला, “मला घरी सोडा. माझी माणसं वाट बघत असतील.” आणि दाराची कडी चाचपू लागला. मी गाडी वळवली.

दुसऱ्या दिवशी तोच थर्मोस्टॅट मी परत काढून टाकला.

आता जे टाळत होते ते लिहिते. त्याआधीच्या रविवारांना, गाडी गार असायची तेव्हा, तो असा नसायचा. काच गोठू लागली की त्याचा हात आपणहून समोरच्या खणात जायचा, झाकण शोधायचा. खरवडता खरवडता म्हणायचा, “दिसतंय का, नेस्तोर?”

पहिल्यांदा मी म्हणाले, “अहो, मी स्लाव्का.” त्याचा हात थांबला. किती तरी वेळ थांबला. त्याने पुन्हा विचारलं तेव्हा मी म्हणाले, “दिसतंय, दादा.”

मग तो खुलला. “स्लाव्काला सांग, भांडं घट्ट धर. मागच्या वेळी सगळा रस्सा माझ्या बुटात.”

“सांगतो.”

“आणि तिच्याशी नीट बोल रे. मास्तरीण आहे, पण मनानं बरी आहे.”

हे त्याने मला तोंडावर कधी सांगितलं नव्हतं.

थर्मोस्टॅट काढल्यावर पुढच्या रविवारी पुन्हा तसंच झालं. तुमच्या वतीनं मी गव्हाबद्दल बोलले, हवेबद्दल बोलले, सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली. तुमची नक्कल मला बरी जमते. काचेतल्या थाळीएवढ्या भोकातून बघत सावकाश चालवते, रस्ता सरळ आहे, काळजी नसावी.

पण गेल्या रविवारी धान्याच्या कोठारापाशी तो म्हणाला, “नेस्तोर, तू तुझ्या वाट्याची जमीन परक्याला विकलीस, तेव्हा मी म्हणालो ना, मला भाऊच नाही म्हणून. ते तू मनावर घेतलंस का?”

हा तो प्रश्न.

खोटं बोलायला माझी हरकत नव्हती, पण तुमचं खरं काय ते मला माहीत नाही. तो उत्तराची वाट बघत खरवडत राहिला. काच पुरती साफ झाली तरी खरवडत राहिला. मग एक हातमोजा काढून माझ्या मांडीवर ठेवला. “घे. गिअर गार असेल.”

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. सहा जानेवारीला, आपल्या नाताळच्या आदल्या रात्री, आपण गेलेल्यांसाठी जास्तीचं ताट मांडतो. तुम्ही गाव सोडल्यापासून वासिल त्यात हेरिंग मासा वाढायचा. विचारलं तर म्हणायचा, “बाबांसाठी.” मामंजींनी हयातीत हेरिंगला हात लावला नव्हता. त्याच्यावर तुटून पडायचात ते तुम्ही. मी पुन्हा विचारलं नाही.

यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. आग्रह करणं मला जमत नाही. पत्रातून उत्तर पाठवू नका, पत्र त्याला कळत नाही. आलात तर चालवायला तुम्ही बसा, मी मध्ये बसेन. भांडं घेईन. गाडी थंडच ठेवली आहे.

स्लाव्का वहिनी

सोबत पाठवलं:
मेंढीच्या कातड्याचा हातमोजा, उजव्या हाताचा, एक. वासिलने दिला, नेस्तोरसाठी. मी फक्त पोचवला. डावा त्याच्याकडे आहे.