बॅटरीच्या जागी तार

५ ऑगस्ट

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद आणि सोबत एक धपाटा.

तुझी गणितं तपासून परत पाठवते आहे. माझ्या कॉलेजातल्या पोरांनी असा पेपर दिला असता तर वर्गाबाहेर काढलं असतं. तू भाऊ पडलास, म्हणून पुन्हा समजावते आहे.

थेवेनिनची रीत तुला समजली आहे, म्हणून तर डोकं चक्रावतं. सर्किट कितीही गुंतागुंतीचं असो, बल्ब काढून त्या दोन टोकांतून पाहिलं की आत जणू एक बॅटरी आणि एक रेझिस्टन्स, बस्स. त्या बॅटरीचं व्होल्टेज तू दर वेळी अचूक काढतोस. रेझिस्टन्स मात्र दर वेळी चुकतो, कारण मूळची बॅटरी बाजूला केल्यावर तिची जागा तू तशीच मोकळी सोडतोस. तिथे सरळ तार जोडायची, हे मी लाल शाईने किती वेळा लिहू?

वयाच्या अटीमुळे सुपरवायझरच्या परीक्षेची तुझी ही शेवटची संधी. तुझी बायको लिहिते की गुडघ्यांमुळे तुला घरचा जिनासुद्धा जड जातो, आणि तू अजून रोज विजेच्या खांबावर चढतोस. तेव्हा हट्ट पुरे. लोभ आहेच, तो वाढवायचा की नाही, ते पुढची गणितं बघून ठरवीन.

तुझी,
ताई

११ ऑगस्ट

ती. ताईस, धाकट्याचा साष्टांग नमस्कार. गुडघे वाकत नाहीत, तेव्हा कागदावरच मानून घे.

तार जोडायची हे मला पाठ आहे, ताई. हात धजत नाही. माझा खांबावरचा जोडीदार हल्ली स्टोअरच्या खिडकीवर बसतो, तुला ठाऊक आहे. तो खांबावरून पडला, असं मी घरी सगळ्यांना सांगितलं होतं. तो पडला नव्हता. सबस्टेशनच्या बॅटरीच्या खोलीत त्याच्या हातातला पाना निसटला आणि दोन टोकांवर आडवा पडला, एवढंच. पांढरा लखलखाट झाला आणि त्याची बोटं भाजून वाकडी झाली, ती कायमची. मी दारात उभा होतो.

तू म्हणतेस तिथे रेघ ओढायला पेन्सिल टेकवली की मला तोच पाना दिसतो. बायकोला यातलं काही कळवू नकोस, ती धसका घेईल. परीक्षेचा नाद सोडावा म्हणतो. गुडघे अजून काही वर्षं रेटतील. चिडू नये, ही विनंती.

तुझा,
धाकटा

१६ ऑगस्ट

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. धपाटा मागे घेतला.

पत्र वाचून मला रडू आलं. एवढं सगळं एकट्याने पोटात ठेवलंस, आणि मी आपली लाल शाई गिरवत बसले. आम्ही वर्गात सर्रास म्हणतो, बॅटरी शॉर्ट करा. बोलायला आमचं काय जातं! पण बॅटरी शॉर्ट करायचीच नसते, रे. ती आधी उचलून बाहेर ठेवायची. गणितात तिला स्वतःचा रेझिस्टन्स नसतो असं धरतात, म्हणून ती गेल्यावर तिच्या जागी नुसती तार.

आणि हे तर तू रोज करतोस. लाइन बंद केली, मेली आहे हे तपासलं, की हात लावण्याआधी तुम्ही सगळ्या तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडता ना? चढणाऱ्याचा जीव त्या जोडणीवर असतो, असं तूच मला सांगितलं होतंस. कागदावरही त्याच क्रमाने कर. नाहीच जमलं तर ते गणित कोरं ठेव, मी अवाक्षर काढणार नाही. पण परीक्षेला बस.

तुझ्या काळजीत असलेली,
ताई

९ सप्टेंबर

ती. ताईस, पास झालेल्या धाकट्याचा नमस्कार.

पेपरात ते गणित आलंच. मी बॅटरीवर फुली मारली, शेजारी ‘पुरवठा बंद, तपासला’ असं लिहिलं आणि मग तार जोडली. रेघ नागमोडी आली. उत्तर बरोबर आलं. तपासणाऱ्याला वाटलं असेल, काय वल्ली आहे.

निकाल कळला तसा आधी स्टोअरच्या खिडकीवर गेलो. बायकोला नंतर सांगितलं म्हणून ती फुगून बसली आहे, तेवढी समजूत तू घाल. जोडीदार म्हणाला, तुला खांबावरून खाली आणणारं ते गणित मला बघू दे. मी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर काढून दाखवलं. त्या तारेपाशी त्याची नजर अडली. इथे काही होत नाही का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, बॅटरी आधीच बाहेर काढली आहे. त्याने आपलं वाकडं बोट हळूच त्या रेघेवर टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

मला हुंदका आवरला नाही, ताई. शेवटी तोच म्हणाला, साहेबांनी असं चारचौघांत रडायचं नसतं, कामाला लागा.

लोभ पुष्कळ केलास, आणखी मागायला संकोच वाटतो. तरी असू द्यावा.

तुझा,
धाकटा